प्रस्तावना : नाव न घेता केलेली निवड

१

वेल्स हँगन हा एनबीसी या अमेरिकी वाहिनीचा दिल्लीतला वार्ताहर. त्याचे ‘आफ्टर नेहरू, हू?’ हे पुस्तक १९६३ साली निघाले आणि राजधानीत दबक्या आवाजात चाललेली चर्चा थेट मुखपृष्ठावर छापून बाजारात आली. हँगनने आठ नावे घेतली होती : मोरारजी देसाई, व्ही. के. कृष्ण मेनन, लालबहादूर शास्त्री, यशवंतराव चव्हाण, इंदिरा गांधी, जयप्रकाश नारायण, स. का. पाटील आणि लेफ्टनंट जनरल बी. एम. कौल. पुस्तक वाचकांच्या हाती पडेपर्यंत यांतले दोघे चीनच्या युद्धात गारद झाले होते. मेनन यांचे संरक्षणखाते गेले होते, कौल यांनी लष्कर सोडले होते. जयप्रकाशांनी तर पक्षीय राजकारणाला त्याआधीच रामराम ठोकला होता. आठांपैकी दोन नावे मराठी होती, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. एक नाव सेनाधिकाऱ्याचे होते, याचेही आज नवल वाटेल. त्या वेळी वाटत नव्हते. पाकिस्तानात १९५८ साली आणि ब्रह्मदेशात मार्च १९६२ मध्ये लष्कराने सत्ता घेतली होती. शेजारी जे घडले ते इथेही घडेल, असा हिशेब परदेशी निरीक्षक मांडत होते आणि काही देशी मंडळींनाही तो पटत होता.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय तोच प्रश्न आहे, पण लेखकाने काळ मोजका घेतला आहे. जानेवारी १९६४ मध्ये भुवनेश्वरच्या काँग्रेस अधिवेशनात जवाहरलाल नेहरूंना पक्षाघाताचा झटका आला. २७ मे रोजी ते गेले. ९ जूनला शास्त्रींनी पंतप्रधानपदाची शपथ घेतली. या पाच महिन्यांत देशाला पंतप्रधान होता आणि नव्हताही. शालेय इतिहासात या काळाच्या वाट्याला जेमतेम एक वाक्य येते : नेहरूंनंतर शास्त्री. सत्तांतर शांततेत झाले, म्हणजे ते सोपे असले पाहिजे, असे आपण धरून चालतो.

ते सोपे नव्हते. ज्यावर बोट ठेवून ‘पुढे असे करा’ म्हणावे असा एकही नियम त्या वेळी उपलब्ध नव्हता. काही जाणत्या माणसांनी वारसाचे नाव न घेता वारसाची वाट मोकळी केली, एवढेच झाले. ते इतके नीट जमले की पुढे नियम करण्याची निकड कुणालाच भासली नाही. १९६४ च्या यशाची ही दुसरी बाजू आहे. पुस्तक वाचताना ती डोळ्यांआड होऊ नये, म्हणून ही प्रस्तावना थोडी लांबवतो आहे.

२

आधी कायद्याची बाजू पाहू. राष्ट्रपती आजारी पडला तर काय करायचे, हे आपल्या संविधानाने स्वच्छ सांगितले आहे. अनुच्छेद ६५ प्रमाणे आजारपणामुळे किंवा अनुपस्थितीमुळे राष्ट्रपतीला काम करता येत नसेल, तर उपराष्ट्रपती त्याची कामे पाहतो. पद रिकामे झाले, तर तोच हंगामी राष्ट्रपती होतो. याचा वापरही झाला आहे. १९६१ साली राजेंद्रप्रसाद गंभीर आजारी होते, तेव्हा त्यांची कामे उपराष्ट्रपती राधाकृष्णन यांनी पाहिली. १९६९ साली झाकिर हुसेन यांचे पदावर असताना निधन झाले. व्ही. व्ही. गिरी हंगामी राष्ट्रपती झाले आणि निवडणूक लढवण्यासाठी त्यांनीही पद सोडले, तेव्हा सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांनी ते सांभाळले. त्यासाठी संसदेने त्याच वर्षी कायदा केला होता. ज्या पदाकडे प्रत्यक्ष सत्ता बेताचीच, त्याच्यासाठी एवढी तजवीज आहे.

पंतप्रधानाबद्दल मात्र अनुच्छेद ७४ आणि ७५ फार थोडे बोलतात. राष्ट्रपतीला सल्ला देण्यासाठी पंतप्रधानाच्या नेतृत्वाखाली मंत्रिमंडळ असेल, पंतप्रधानाची नेमणूक राष्ट्रपती करील, मंत्रिमंडळ लोकसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असेल. हंगामी पंतप्रधान हा शब्दप्रयोग संविधानात कुठेच नाही. उपपंतप्रधानही नाही. पंतप्रधानाचा मृत्यू झाला तर मंत्रिमंडळ संपुष्टात येते आणि राष्ट्रपतीला सल्ल्यावाचून राहता येत नाही, म्हणून नवा पंतप्रधान ताबडतोब नेमावा लागतो. मृत्यूपुरती तरी एक दिशा अशी तर्काने काढता येते. आजारपणात तीही मिळत नाही. पंतप्रधान जिवंत आहे, म्हणून मंत्रिमंडळ जिवंत आहे. पंतप्रधान बैठकीला येऊ शकत नाही, फाइल वाचू शकत नाही, पण तो असमर्थ आहे असे म्हणण्याचा अधिकार कुणालाच दिलेला नाही. डॉक्टरला नाही, मंत्र्यांना नाही, सभापतीला नाही. लोकसभेच्या हाती अविश्वासाचा ठराव आहे. पण मरणाच्या दारात असलेल्या लोकप्रिय नेत्यावर त्याचाच पक्ष अविश्वास आणील, ही कल्पनाच करवत नाही.

ही पद्धत आपण ज्यांच्याकडून घेतली, त्यांच्याकडेही याचे उत्तर नव्हते. २३ जून १९५३ रोजी विन्स्टन चर्चिल यांना पक्षाघात झाला. त्यांचे ठरलेले वारस अँथनी ईडन त्या वेळी अमेरिकेत बोस्टनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी पडून होते. मंत्रिमंडळाच्या बैठका रॅब बटलर चालवत राहिले. डॉक्टरांच्या निवेदनातला मेंदूच्या रक्ताभिसरणाचा उल्लेख काढून टाकून पंतप्रधानांना विश्रांतीची गरज आहे एवढेच ठेवले गेले. मोठ्या वृत्तपत्रांच्या मालकांनी मौन पाळले. ब्रिटिश जनतेला खरे काय ते नंतर कळले.

अमेरिकेत ऑक्टोबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन अर्धांगाने अंथरुणाला खिळले, तेव्हा त्यांच्यापर्यंत कोणता कागद जाईल हे त्यांच्या पत्नी एडिथ ठरवत होत्या. परराष्ट्रमंत्री रॉबर्ट लान्सिंग यांनी मंत्रिमंडळाच्या बैठका बोलावल्या. हे कळताच विल्सन यांनी फेब्रुवारी १९२० मध्ये त्यांचा राजीनामा घेतला. आजारी नेत्याच्या भोवतीची माणसे गप्प का राहतात, याचे उत्तर लान्सिंग यांच्या अनुभवात आहे : काम अडू नये म्हणून जो आधी पुढे होतो, तो सत्तेला टपलेला ठरतो. अमेरिकेने पुढे १९६७ साली पंचविसावी घटनादुरुस्ती मंजूर केली आणि उपराष्ट्राध्यक्ष व मंत्रिमंडळाचे बहुमत मिळून राष्ट्राध्यक्ष असमर्थ असल्याचे कळवू शकतील, अशी वाट आखली. त्यासाठी मध्ये अठ्ठेचाळीस वर्षे आणि केनेडींचा खून असा काळ जावा लागला.

३

भारतात १९६४ साली परिस्थिती आणखी अवघड होती, कारण दुसऱ्या क्रमांकाची जागाच मोकळी ठेवलेली होती. सरदार पटेल डिसेंबर १९५० मध्ये मुंबईत वारले आणि नेहरूंनी पुन्हा उपपंतप्रधान नेमला नाही. मौलाना आझाद १९५८ साली गेले, गोविंद वल्लभ पंत मार्च १९६१ मध्ये. पंतांच्या जागी संसदीय पक्षाचा उपनेता कोण, यावरून मोरारजी देसाई आणि जगजीवनराम यांच्यात चुरस सुरू झाली. नेहरूंनी त्यावर काढलेला तोडगा त्यांच्या स्वभावाला साजेसा होता. उपनेते दोन करायचे, प्रत्येक सभागृहातला एक, आणि तेही मंत्री नसलेले. चुरस मिटली, पण जागेचे वजनही गेले.

नेहरूंना हे कळत नव्हते असे नाही. १९५८ साली त्यांनी पद सोडून काही काळ मोकळे होण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा पक्षात असा हलकल्लोळ झाला की त्यांना माघार घ्यावी लागली. वारसाचे नाव घ्यायला मात्र त्यांनी शेवटपर्यंत नकार दिला. मे १९६४ मधल्या एका दूरचित्रवाणी मुलाखतीत त्यांनी कारणही दिले : मी एखाद्याचे नाव घेतले, तर तो पंतप्रधान न होण्याची ती सर्वांत खात्रीची वाट ठरेल, लोक त्याचा हेवा करतील. हे उत्तर चतुर होते आणि खरेही होते. त्यात एक गोष्ट न बोलता राहिली. नाव न घेतल्याने निवड पुढच्यांच्या हाती गेली, आणि हे पुढचे कोण असतील ते त्याआधीच ठरत आले होते.

हे ठरणे ऑगस्ट १९६३ मध्ये सुरू झाले. त्या महिन्यात आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर अविश्वासाचा ठराव मांडला. लोकसभेच्या इतिहासातला तो पहिलाच. ठरावाच्या बाजूने ६२ आणि विरुद्ध ३४७ मते पडली. आकड्यांत सरकार भक्कम होते, पण चीनच्या युद्धाने नेहरूंचे तेज उतरले आहे हे सभागृहात उघड दिसले. त्याच सुमारास मद्रासचे मुख्यमंत्री के. कामराज यांची योजना अमलात आली : ज्येष्ठांनी सत्तापदे सोडावीत आणि पक्षाच्या कामाला लागावे. सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्री पायउतार झाले. केंद्रातून मोरारजी देसाई, शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाळी गेले. राज्यांतून स्वतः कामराज, ओरिसाचे बिजू पटनाईक, उत्तर प्रदेशचे चंद्रभानू गुप्त, बिहारचे विनोदानंद झा, मध्य प्रदेशचे भगवंतराव मंडलोई आणि काश्मीरचे बक्षी गुलाम महंमद.

ही योजना आपल्याला दूर करण्यासाठीच होती, असे मोरारजींचे मत अखेरपर्यंत राहिले. लेखकाने या प्रकरणात दोन्ही बाजूंचे पुरावे मांडले आहेत आणि निवाडा वाचकावर सोडला आहे. हेतू काहीही असो, परिणाम स्पष्ट आहे. मंत्रिमंडळातल्या ज्येष्ठतेच्या जोरावर पंतप्रधानपद आपोआप चालत यावे, अशी एकाही दावेदाराची स्थिती उरली नाही. मोरारजी आणि शास्त्री दोघेही खात्यावाचून बाहेर उभे राहिले. ऑक्टोबरमध्ये तिरुपतीला कामराज, अतुल्य घोष, निजलिंगप्पा, संजीव रेड्डी ही मंडळी भेटली. पुढे ज्यांना ‘सिंडिकेट’ म्हटले गेले तो हाच गट, आणि मुंबईचे स. का. पाटील त्यांतलेच. पक्षाध्यक्ष कामराज व्हावेत, हे तिथल्या बोलण्यातून पक्के झाले. पुढच्या निवडीची सूत्रे कोणाच्या हाती असतील याचा निकाल भुवनेश्वरच्या तीन महिने आधीच लागला होता.

४

भुवनेश्वरच्या झटक्याने नेहरूंची डावी बाजू अधू झाली. अधिकृत निवेदनांची भाषा सौम्य होती. विश्रांती, थकवा, सुधारणा हेच शब्द त्यांत फिरून फिरून येत. तरीही चर्चिल यांच्यासारखी पूर्ण लपवाछपवी इथे शक्य नव्हती. झटका अधिवेशनात, हजारो प्रतिनिधींच्या गावात आला होता आणि महिन्याभरात नेहरू संसदेत आले तेव्हा त्यांची चाल सगळ्यांना दिसत होती. देशाला माहीत होते, पण मोठ्याने कुणी बोलत नव्हते.

कारभाराची सोय झाली ती अशी. गृहमंत्री गुलझारीलाल नंदा आणि अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी रोजचे काम वाटून घेतले. जानेवारी संपण्यापूर्वीच शास्त्री बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आले. कामराज योजनेत बाहेर पडलेल्यांपैकी त्या वेळी परत बोलावले गेलेले तेच एक. त्यांना काय काम करायचे ते विचारावे लागले आणि आपले सगळेच काम तुम्हाला करायचे आहे अशा अर्थाचे उत्तर नेहरूंनी दिले, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात कागदपत्रांवरचा अंमल तेवढ्या सहज हाती आला नाही. शास्त्रींच्या निकट वावरलेले पत्रकार कुलदीप नय्यर यांनी त्यांची या दिवसांतली घुसमट लिहून ठेवली आहे. नेहरूंच्या मनात कन्येचे नाव असावे, असा शास्त्रींचा समज होता, हेही त्यांनीच नोंदवले आहे.

शास्त्रींचे वजन वाढले ते श्रीनगरमध्ये. २७ डिसेंबर १९६३ रोजी हजरतबलमधून पवित्र अवशेष नाहीसा झाला आणि खोरे पेटले. ४ जानेवारीला तो सापडला, पण सापडलेला अवशेष खरा कशावरून, हा प्रश्न रस्त्यावर धुमसत राहिला. स्थानिक प्रशासन जाहीर ओळख पटवायला कचरत होते. ओळख पटली नाही तर काय, ही भीती रास्तच होती. शास्त्री जानेवारीच्या अखेरीस तिथे गेले. थंडीसाठी नेहरूंनी त्यांना स्वतःचा कोट दिला होता, ही हकिकत प्रसिद्ध आहे. ३ फेब्रुवारीला जाणत्या धर्मपुरुषांकडून ओळख पटवण्याची जोखीम त्यांनी घेतली आणि खोरे निवळले. वारसाची परीक्षा म्हणून ही कामगिरी कुणी योजली नव्हती, पण दिल्लीने ती तशीच पाहिली.

स्वतः नेहरू या महिन्यांत स्वस्थ बसले नव्हते. पुस्तकातले हे प्रकरण मला सर्वांत वाचनीय वाटले. एप्रिलमध्ये शेख अब्दुल्लांची सुटका झाली. दिल्लीत ते तीन मूर्ती भवनात नेहरूंचेच पाहुणे म्हणून राहिले. विनोबांना भेटले, राजाजींना भेटले आणि २४ मे रोजी अयुबखानांशी बोलायला पाकिस्तानात गेले. अब्दुल्लांच्या अटकेपासून अकरा वर्षे चिघळलेला काश्मीरचा प्रश्न आजारी पंतप्रधान काही आठवड्यांत हलवू पाहत होता. त्याच्या पक्षातल्या कित्येकांना हे रुचले नव्हते, पण आजारी माणसाला आडवे जाणे त्यांना जमेना. नेत्याच्या आजारपणात सरकार थिजते असा सर्वसाधारण समज आहे. इथे उलट दिसते. वेळ थोडा उरला आहे हे जाणणारा नेता अशी पावले टाकतो, जी धडधाकट असताना त्याने टाकली नसती. पण त्या पावलांचे आयुष्य नेत्याच्या आयुष्याएवढेच असते. नेहरू गेले तेव्हा अब्दुल्ला मुजफ्फराबादमध्ये होते. ते परतले आणि बोलणी तिथेच संपली.

५

महाराष्ट्राला अशा प्रसंगाची ताजी ओळख होती. मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी पदावर असतानाच वारले. पी. के. सावंत यांनी काही दिवस कारभार पाहिला आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. मुख्यमंत्र्याच्या बाबतीतही संविधान तितकेच मुके आहे, त्यामुळे हंगामी नेमणूक आणि मग पक्षाची निवड हाच क्रम इथेही आला. सहा महिन्यांनी दिल्लीने नेमके हेच केले.

दिल्लीच्या शर्यतीकडे मराठी वाचक मात्र वेगळ्या नजरेने पाहत होता. मोरारजी म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे १९५६ च्या जानेवारीतला मुंबईचा गोळीबार उभा राही. स. का. पाटील यांचे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या विरोधकांत पहिले. उरले यशवंतराव. नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री होऊन दिल्लीला जाताना हिमालयाच्या मदतीला धावलेला सह्याद्री म्हणून त्यांना निरोप दिला होता आणि नंतर नाशिकमधून ते बिनविरोध लोकसभेवर गेले होते. परंतु यशवंतरावांनी १९६४ साली स्वतःचे नाव पुढे केले नाही. ते दिल्लीत नवखे होते. संरक्षणमंत्र्याने अशा वेळी पदाच्या मागे लागणे शोभणारे नव्हते, आणि लष्कराविषयी कुजबुज चालू असताना तर नव्हतेच. नेहरूंच्या अंत्ययात्रेच्या बंदोबस्तासाठी सरसेनापती जनरल चौधरी यांनी राजधानीत जादा सैन्य आणले, त्यावरून ही कुजबुज वाढली. त्यातून काही निघाले नाही, हे आज सांगणे सोपे आहे. मंत्री ज्या काळात अशा बातमीने दचकत होते, तो काळ समजून घ्यायला लेखकाने दिलेला तपशील उपयोगी पडतो. यशवंतरावांच्या संयमाला पुढे आपल्याकडे ‘कुंपणावरचे राजकारण’ म्हणून हिणवले गेले. या पुस्तकातल्या पुराव्यावरून मला तो हिशेबी सुज्ञपणा वाटतो.

६

२२ मे रोजीच्या पत्रकार परिषदेत वारसाविषयी पुन्हा प्रश्न आला, तेव्हा आपले आयुष्य इतक्या लवकर संपणार नाही, असे नेहरू हसत म्हणाले. पाच दिवसांनी, देहरादूनची विश्रांती आटोपून परतल्यावर दुसऱ्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास देशाला त्यांच्या निधनाची बातमी कळली. लोकसभेचे अधिवेशन चालू होते. राष्ट्रपती राधाकृष्णन यांनी काही तासांत नंदांना शपथ दिली. सर्वांत ज्येष्ठ मंत्र्याला तात्पुरते बसवायचे आणि पक्षाला नेता निवडायला अवधी द्यायचा, हा संकेत त्या दुपारी जन्मला.

पुढचे सहा दिवस कामराजांचे. कार्यसमितीने ३१ मे रोजी सर्वसंमती अजमावण्याचे काम त्यांच्यावर सोपवले. त्यांनी मुख्यमंत्र्यांशी, ज्येष्ठांशी आणि मोठ्या संख्येने खासदारांशी एकेकट्याने बोलून घेतले. मतदान झाले असते तर बेरीज जाहीर झाली असती. इथे बेरीज कामराजांच्या मनात राहिली आणि ती शास्त्रींच्या बाजूने आहे असे त्यांनी सांगितले. मोरारजींना हा प्रकार मान्य नव्हता, तरी त्यांनी निकाल मान्य केला. २ जूनला नंदांनी शास्त्रींचे नाव सुचवले आणि मोरारजींनी अनुमोदन दिले. मॉन्ट्रियलचे राज्यशास्त्रज्ञ मायकेल ब्रेचर यांनी या सहा दिवसांवर ‘सक्सेशन इन इंडिया’ हा ग्रंथ १९६६ साली लिहिला. परदेशात तोवर भारताच्या फाळण्या आणि लष्करी राजवटी भाकितांत मांडल्या जात होत्या, त्यामुळे ही शिस्त जगाला थक्क करून गेली.

इथे लेखकाशी माझा मतभेद आहे. त्याच्या मते हे श्रेय प्रामुख्याने कामराजांचे. कामराजांचे कसब वादातीत आहे, पण निर्णय जूनमध्ये घेतला गेला असे मला वाटत नाही. जानेवारीत शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री केले तेव्हाच पारडे झुकले होते. त्यांच्याकडे पंतप्रधानांचे काम गेले, श्रीनगर गेले, आणि पक्षाला त्यांच्याकडे त्या जागेवर पाहण्याची सवय लागली. नाव घेतले असते तर विरोध एकवटला असता. काम सोपवले म्हणून विरोधाला पकडायला काही सापडले नाही. मृत्यूनंतरचे सहा दिवस सुरळीत गेले, कारण आजारपणाचे पाच महिने वापरले गेले होते.

याची किंमतही मोजावी लागली. खासदारांना एकमत आयते मिळाले, मत देता आले नाही. म्हणूनच १९६६ साली मोरारजींनी पुन्हा सर्वसंमतीला मान तुकवली नाही. इंदिरा गांधी आणि ते यांच्यात मतदान झाले आणि ३५५ विरुद्ध १६९ असा निकाल लागला.

७

बसवलेली घडी किती नाजूक होती, हे महिन्याभरातच दिसले. जूनच्या अखेरीस शास्त्रींनाच हृदयविकाराचा झटका आला. जुलैतल्या लंडनच्या राष्ट्रकुल परिषदेला त्यांच्याऐवजी कृष्णम्माचारी आणि इंदिरा गांधी गेले. देशाला पुन्हा आजारी पंतप्रधान होता आणि पुन्हा कुठलाच नियम नव्हता. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला शास्त्री गेले, नंदा पुन्हा हंगामी झाले, आणि आता हा संकेत पक्का झाला असे सगळ्यांनी मानले. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी तो एका संध्याकाळीत मोडला. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर राष्ट्रपती झैलसिंग यांनी हंगामी पंतप्रधान न नेमता राजीव गांधींना थेट शपथ दिली आणि संसदीय पक्षाची औपचारिक निवड मागाहून झाली. संकेत मोडला म्हणून कुणाला न्यायालयात जाता आले नाही, कारण मोडण्यासारखे काही लिहिलेलेच नव्हते.

आजारपणात तर दर वेळी नवी तडजोड होत आली आहे. २००० आणि २००१ साली अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांवर मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाल्या आणि कारभार चालू राहिला. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंग यांच्यावर हृदयशस्त्रक्रिया झाली, तेव्हा प्रणव मुखर्जी मंत्रिमंडळाच्या बैठका चालवत होते, पण हंगामी पंतप्रधान हा शब्द कटाक्षाने टाळला गेला. राज्यांत चित्र आणखी विस्कळीत आहे. एम. जी. रामचंद्रन १९८४ साली अमेरिकेत उपचार घेत असताना तिकडूनच विधानसभा जिंकले.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण गोव्याचे. मनोहर पर्रीकर फेब्रुवारी २०१८ मध्ये आजारी पडले. मार्चमध्ये ते उपचारांसाठी अमेरिकेला गेले, तेव्हा सुदिन ढवळीकर, फ्रान्सिस डिसोझा आणि विजय सरदेसाई या तीन मंत्र्यांची समिती नेमली गेली. वर्षभर गोव्याचा कारभार मुंबई, न्यूयॉर्क, दिल्ली आणि पणजीच्या रुग्णशय्यांवरून चालला. नाकात नळी असलेल्या पर्रीकरांनी जानेवारी २०१९ च्या अखेरीस अर्थसंकल्प मांडला. कुणाला त्यात जिद्द दिसली, कुणाला पक्षाची हतबलता. दोन्ही खरे असू शकते. १७ मार्चला ते गेले आणि १९ मार्चच्या पहाटे दोनच्या आसपास प्रमोद सावंत यांनी शपथ घेतली. त्याच मुहूर्तावर मित्रपक्षांच्या पदरात दोन उपमुख्यमंत्रिपदे पडली. पर्रीकरांच्या दुर्धर आजारपणाचे तेरा महिने हाताशी असूनही उत्तर मध्यरात्रीच्या सौद्यातून काढावे लागले. १९६४ शी तुलना करा. तिथे आजारपणाचा काळ पुढच्या माणसाला घडवण्यात गेला. इथे तो घटक पक्षांना एकमेकांपासून थोपवून धरण्यात गेला, कारण पर्रीकरांखेरीज दुसऱ्या कुणाला पाठिंबा देण्याची त्यांची तयारी आधीपासूनच नव्हती.

म्हणून हे पुस्तक गौरवगाथा म्हणून वाचू नये, असे मी सुचवीन. १९६४ साली एक मोठा पक्ष होता, त्याच्या मुख्यमंत्र्यांना दिल्लीत वजन होते, अध्यक्षाला स्वतः पंतप्रधान व्हायचे नव्हते, आणि हरलेल्या उमेदवाराने अनुमोदन दिले. यांतली एकही गोष्ट आज गृहीत धरता येत नाही. त्या वेळच्या माणसांनी नियमाची उणीव शहाणपणाने भरून काढली. दर वेळी तेवढे शहाणपण मिळेल अशी हमी नाही. मागणी फार मोठी नाही. पंतप्रधान व मुख्यमंत्री ठरावीक मुदतीपेक्षा अधिक काळ काम करू शकत नसतील, तर ते कोणी सांगायचे, किती दिवसांत सांगायचे, तोवर बैठका कोणी चालवायच्या आणि सभागृहासमोर विश्वासदर्शक ठराव कधी ठेवायचा, एवढे चार मुद्दे कायद्यात लिहिता येतात. राष्ट्रपतिपद रिकामे राहू नये म्हणून संसदेने १९६९ साली कायदा केलाच. पंतप्रधानासाठी ते करायचे, तर नेता धडधाकट असतानाच करावे लागेल. तो आजारी पडल्यावर हा विषय काढणारा पुन्हा लान्सिंग ठरेल.